युरियापासून हायड्रोजनपर्यंत: कार्बन नायट्राइडचा प्रयोग कोणत्या क्रमाने करावा

सूर्यप्रकाशात पाण्यातून हायड्रोजन मिळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या धातुविरहित प्रकाश-उत्प्रेरकांमध्ये ग्राफाइटसदृश कार्बन नायट्राइड हा सर्वांत सुलभ पदार्थ आहे. युरिया, झाकणाचे क्रूसिबल आणि मफल भट्टी एवढ्या सामग्रीवर तो तयार होतो, म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पांत आणि पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात त्याची निवड वारंवार होते. अडचण अशी की पदार्थ जितका सोपा तितके त्याच्याकडून मिळालेल्या हायड्रोजनचे मोजमाप अवघड आहे, आणि बहुतेक विद्यार्थी आधी दोन-तीन महिने पदार्थ तयार करण्यात घालवून शेवटच्या पंधरवड्यात मोजमापाकडे वळतात. प्रस्तुत लेखातील क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी मोजण्याची व्यवस्था भरवशाची करावी, मग भट्टी पेटवावी.

पुढील सर्व आकडे एकाच ठरावीक मांडणीसाठी दिले आहेत: ५० मिलिग्रॅम उत्प्रेरक, ५० मिलिलिटर द्रव आणि त्यावर ५० मिलिलिटर रिकामी जागा असलेले बोरोसिलिकेट काचेचे बंद पात्र. आपले पात्र वेगळे असेल तर आकडे त्या प्रमाणात बदलावेत. क्रम मात्र बदलू नये.

## टप्पा १: कोणता दावा करायचा ते कागदावर लिहा

कार्बन नायट्राइडवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेली धनभारित रिकामी जागा) वेगळे होतात. इलेक्ट्रॉनने पाण्यातील प्रोटॉनचे क्षपण केले की हायड्रोजन मिळतो. होलने पाण्याचे ऑक्सिडीकरण केले तर ऑक्सिजन मिळतो. यातील दुसरी क्रिया फार मंद असते, म्हणून बहुतेक प्रयोगांत ट्रायइथॅनॉलअमीनसारखा सहज ऑक्सिडीकृत होणारा पदार्थ घालून होल त्याच्याकडे वळवतात. असा पदार्थ स्वतः खर्ची पडतो. त्याच्या उपस्थितीत मिळालेला हायड्रोजन हा ‘पाण्याचे संपूर्ण विघटन’ नव्हे, ती अर्धी अभिक्रिया असते, आणि प्रबंधाच्या शीर्षकातही तसेच म्हटले पाहिजे.

दुसरा प्रश्न ‘धातुविरहित’ या शब्दाचा आहे. निव्वळ कार्बन नायट्राइड दृश्य प्रकाशात अत्यल्प हायड्रोजन देते, म्हणून त्यावर साधारणतः वजनाच्या ३ टक्के प्लॅटिनम सह-उत्प्रेरक म्हणून बसवतात. प्रकाश शोषणारा पदार्थ धातुविरहित राहतो. संपूर्ण प्रणाली तशी राहत नाही. ही वस्तुस्थिती एका वाक्यात लिहिली की पुरे, ती झाकण्याचा प्रयत्न केला की परीक्षक पहिला प्रश्न नेमका तोच विचारतात.

तपासणी: वहीच्या पहिल्या पानावर तीन उत्तरे हवीत. खर्ची पडणारा पदार्थ वापरणार का? प्लॅटिनम वापरणार का? प्रकाश दिव्याचा की उन्हाचा? ही उत्तरे अर्ध्या वाटेत बदलली, तर आधीचे निकाल पुढच्या निकालांशी ताडून पाहता येत नाहीत.

## टप्पा २: पात्राचे आकारमान मोजा आणि गळती शोधा

पात्रावर छापलेले आकारमान गृहीत धरू नये. कोरडे पात्र सेप्टम (सुई टोचून वायूचा नमुना घेण्याचे रबरी बूच) आणि झडपांसह तोलावे, पाण्याने काठोकाठ भरून पुन्हा तोलावे, आणि फरकावरून खरे आकारमान काढावे. ‘१०० मिलिलिटर’चे पात्र गळ्यासकट १२० ते १३० मिलिलिटर भरते, असा अनुभव नेहमी येतो, वरची रिकामी जागा ५० ऐवजी ७५ मिलिलिटर असेल तर हायड्रोजनचे उत्तर दीडपटीने चुकते.

यानंतर पात्रात फक्त ५० मिलिलिटर पाणी घ्यावे, आर्गॉन अर्धा तास बुडबुड्यांच्या रूपात सोडून हवा काढावी, पात्र बंद करावे आणि रात्रभर अंधारात ठेवावे. सुरुवातीला आणि सकाळी वरच्या वायूचा नमुना गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (मिश्रणातील वायू वेगळे करून प्रत्येकाचे प्रमाण आलेखावरील शिखराने दाखवणाऱ्या यंत्रात) घालावा. नायट्रोजन आणि ऑक्सिजनची शिखरे वाढली आणि त्यांचे प्रमाण हवेतल्यासारखे, म्हणजे साधारण ७८ ला २१, असेल तर हवा आत येत आहे. जेथून हवा आत येते तेथूनच हायड्रोजन बाहेर जातो, आणि हायड्रोजनचे रेणू लहान असल्यामुळे अधिक वेगाने जातो.

इशारा: हवा काढण्यासाठी नायट्रोजन वापरला तर ही चाचणी निम्मी आंधळी होते, कारण आत आलेला नायट्रोजन ओळखता येत नाही. आर्गॉन महाग वाटला तरी गळतीच्या चाचणीपुरता तरी तोच घ्यावा.

सेप्टम हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपद्रवी भाग आहे. सुई आठ-दहा वेळा टोचल्यावर तो बदलावा. एकदा एका विद्यार्थ्याच्या प्रयोगात चौथ्या तासानंतर हायड्रोजन नेमाने ‘कमी’ होत असे, आणि त्यावर उत्प्रेरक निकामी होण्याच्या कारणांची दोन पानी चर्चाही लिहून झाली होती. सेप्टम बदलल्यावर आलेख सरळ वर गेला.

## टप्पा ३: गॅस क्रोमॅटोग्राफचे अंशांकन करा

हायड्रोजनसाठी टीसीडी, म्हणजे औष्णिक वाहकतेवर चालणारा शोधक, आणि ५-ए मॉलिक्युलर सिव्हचा स्तंभ पुरेसा असतो. वाहक वायू आर्गॉन असावा. हेलियमची औष्णिक वाहकता हायड्रोजनच्या जवळची असल्याने हेलियम वाहक असताना हायड्रोजनचे शिखर लहान आणि कधी विचित्र आकाराचे येते. नवख्यांना त्याचा उलगडा होत नाही आणि ते इंजेक्शनचे प्रमाण वाढवत बसतात.

अंशांकन म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या वायूशी शिखरांचे क्षेत्रफळ जुळवून घेणे. त्याचा क्रम असा ठेवावा:

१. यंत्र सुरू करून आधाररेषा स्थिर होईपर्यंत थांबावे. शोधकाच्या तारेला विद्युतप्रवाह देण्यापूर्वी वाहक वायू वाहत असल्याची खात्री करावी, अन्यथा तार जळते.

२. प्रमाणित मिश्रणाच्या सिलिंडरमधून, उदाहरणार्थ आर्गॉनमध्ये १ टक्का हायड्रोजन, एकाच आकारमानाची किमान तीन इंजेक्शने द्यावीत. शिखरांच्या क्षेत्रफळांत काही टक्क्यांहून अधिक फरक असेल तर दोष हाताचा किंवा सिरिंजचा असतो.

३. प्रमाणित वायू विरल करून आणखी तीन-चार बिंदू घ्यावेत आणि रेषा काढावी. एका बिंदूवर आणि शून्यावर भिस्त ठेवलेले अंशांकन कमी प्रमाणात हमखास चुकते, आणि धातुविरहित उत्प्रेरकांचे निकाल बहुधा कमी प्रमाणातच असतात.

४. शुद्ध आर्गॉनचे इंजेक्शन देऊन ‘कोरा’ निकाल नोंदवावा. येथे हायड्रोजनच्या जागी दिसणारे छोटे शिखर पुढे प्रत्येक निकालातून वजा करावे लागते.

सिरिंज झडप असलेली, वायू न गळणारी हवी. साध्या वैद्यकीय सिरिंजने घेतलेला नमुना पात्रापासून यंत्रापर्यंत जाताना बदललेला असतो.

तपासणी: मॉलिक्युलर सिव्ह ओलावा धरून ठेवते. पाण्यावरच्या वायूचे नमुने आठवडाभर घातल्यावर ऑक्सिजन आणि नायट्रोजनची शिखरे जवळ सरकू लागली, तर स्तंभ त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला रात्रभर तापवून कोरडा करावा आणि अंशांकन पुन्हा करावे. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ही वेळ लवकर येते.

## टप्पा ४: कच्चा माल

युरिया विश्लेषण-दर्जाचा घ्यावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, परंतु खताच्या दुकानातला युरिया आणून प्रयोग करणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. भारतात शेतीसाठी विकला जाणारा युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचे लेपन केलेला असतो; ते तेल भट्टीत जळून कार्बनचे अवशेष ठेवते, पदार्थ मळकट तपकिरी होतो आणि त्याचे प्रकाशशोषण खोटेच वाढलेले दिसते. गंधकाचे लेपन असलेला युरियाही आता मिळतो, आणि त्यातून नकळत गंधक-मिश्रित कार्बन नायट्राइड तयार होण्याचा संभव असतो. शिवाय अनुदानित युरिया शेतीबाहेर वळवणे नियमात बसत नाही.

युरियाऐवजी मेलामाइन किंवा डायसायनडायअमाइडही चालते. मेलामाइनपासून उत्पन्न बरेच जास्त मिळते, मात्र पदार्थ घट्ट आणि कमी पृष्ठफळाचा होतो. युरियापासून उत्पन्न अगदी तुटपुंजे मिळते, २० ग्रॅममागे एक ग्रॅमच्या आसपास, पण पदार्थ हलका, सच्छिद्र आणि या कामाला अधिक उपयुक्त असतो. पहिल्या प्रयोगासाठी युरियाच निवडावा.

युरिया हवेतला ओलावा शोषतो. तो ८० °से.ला रात्रभर सुकवून, खलात हलकेच कुटून, लगेच वापरावा.

## टप्पा ५: भट्टी

१. झाकणाचे ॲल्युमिना क्रूसिबल निम्म्याहून कमी भरावे. युरिया १३३ °से.ला वितळतो आणि फसफसतो. काठोकाठ भरलेले क्रूसिबल उतू जाऊन भट्टीच्या तळाला चिकटते.

२. झाकण घट्ट बसवावे, परंतु हवाबंद करू नये. झाकण नसेल तर मधले पदार्थ उडून जातात आणि हाती काहीच उरत नाही. झाकण पूर्ण बंद असेल तर आतला दाब ते उडवतो.

३. तापमान मिनिटाला ५ °से. या वेगाने ५५० °से.पर्यंत न्यावे. यास पाऊणे दोन तास लागतात. ५५० °से.ला ३ तास ठेवावे. वेग मिनिटाला १० अंशांपेक्षा जास्त असेल तर घनीभवनाच्या मधल्या पायऱ्या, म्हणजे मेलामाइन, मग ३९० °से.च्या सुमारास मेलेम, पूर्ण होण्याआधीच पुढे ढकलल्या जातात.

४. भट्टी आपोआप थंड होऊ द्यावी. २०० °से.ला दार उघडून क्रूसिबल बाहेर काढण्याचा मोह आवरावा. क्रूसिबल तडकते आणि तुकडे पदार्थात मिसळतात.

इशारा: या क्रियेत मोठ्या प्रमाणात अमोनिया आणि आयसोसायनिक आम्लाची वाफ बाहेर पडते, आणि तापमान फार वाढले तर सायनाइडयुक्त वायूही निघू शकतात. भट्टी फ्यूम हूडमध्ये किंवा बाहेर सोडलेल्या धुराड्याला जोडलेली असलीच पाहिजे. धुराड्याच्या नळीत पांढरा घन पदार्थ साचून ती बंद होते. दर दोन खेपांनंतर नळी साफ करावी.

भट्टीच्या पडद्यावरचे तापमान आणि क्रूसिबलच्या जागचे तापमान यांत ३० ते ४० अंशांचा फरक जुन्या भट्ट्यांत सर्रास आढळतो. वेगळा थर्मोकपल क्रूसिबलच्या शेजारी ठेवून एकदा तपासावे. ६०० °से.च्या पुढे पदार्थ अस्थिर होतो आणि ७०० °से.च्या आसपास जवळजवळ पूर्ण उडून जातो, त्यामुळे ‘क्रूसिबल रिकामे निघाले’ या तक्रारीचे कारण बहुधा याच फरकात असते.

तपासणी: चांगला पदार्थ मलईसारखा पांढरट ते फिकट पिवळा आणि हाताला हलका लागतो. तपकिरी, नारिंगी किंवा करडी छटा दिसली तर तो टाकून द्यावा, ‘चालेल’ म्हणून पुढे नेऊ नये.

## टप्पा ६: धुणे, सुकवणे आणि ओळख पटवणे

पदार्थ खलून ०.१ मोलार नायट्रिक आम्लात काही तास ढवळावा, सेंट्रिफ्यूज करावा, आणि वरचे पाणी उदासीन होईपर्यंत शुद्ध पाण्याने धुवावा. न धुतलेल्या पदार्थात अडकलेला अमोनिया आणि अर्धवट घनीभूत तुकडे पुढे द्रवाचा सामू बदलतात. ८० °से.ला सुकवावे.

ओळखीसाठी दोन चाचण्या अटळ आहेत. क्ष-किरण विवर्तनात, तांब्याच्या के-अल्फा किरणांसाठी, २७.४° जवळ ठळक आणि १३° जवळ लहान शिखर हवे. पहिले थरांमधील अंतराचे, दुसरे थरातील मांडणीचे. याखेरीज अनेक तीक्ष्ण शिखरे दिसली तर मेलेम शिल्लक आहे आणि भट्टीचा वेळ कमी पडला आहे. अवरक्त वर्णपटात ८१० प्रति सेंटिमीटर जवळचे शिखर कड्यांच्या कंपनाचे असते. २१७० ते २१८० जवळ शिखर उमटले तर सायनो गट तयार झाले आहेत. ते नेहमीच वाईट नसतात, पण त्यांची नोंद हवी.

प्रकाशशोषणाची कड साधारण ४६० नॅनोमीटरवर, म्हणजे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या बँड गॅपला (इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास लागणाऱ्या किमान ऊर्जेला) जुळणारी, यावी. युरियापासूनच्या पदार्थात ती किंचित निळ्याकडे सरकते. इतर चाचण्या मार्गदर्शकांच्या आवडीनुसार कराव्यात; हायड्रोजन मोजण्यासाठी त्या थांबवून ठेवू नयेत.

कार्बन नायट्राइडऐवजी संयुग्मी (एकाआड एक दुहेरी बंध असलेले) पॉलिमर घेणाऱ्यांसाठी एक गंभीर सूचना आहे. त्यांतील पुष्कळसे पॉलिमर पॅलेडियमच्या मदतीने जोडले जातात आणि धुतल्यानंतरही त्यांत पॅलेडियमचे अवशेष राहतात. दशलक्ष भागांत काही दहा भाग इतके अवशेषदेखील सह-उत्प्रेरकाचे काम करू शकतात. असा पॉलिमर ‘धातुविरहित’ म्हणण्याआधी आयसीपी चाचणी (धातूंचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारी) करून आकडा द्यावा.

## टप्पा ७: द्रव आणि प्लॅटिनम

ट्रायइथॅनॉलअमीन मधासारखे घट्ट असते, पिपेटच्या भिंतीला चिकटून राहते आणि प्रत्येक वेळी वेगळे प्रमाण पडते. म्हणून ते आकारमानाने न मोजता तोलून घ्यावे: ५ मिलिलिटर म्हणजे ५.६ ग्रॅम. त्यात पाणी घालून एकूण ५० मिलिलिटर करावे. हा पदार्थ साधारण २१ °से.ला गोठतो, त्यामुळे पुण्या-नाशकाच्या जानेवारीत सकाळी बाटली घट्ट झालेली आढळते; कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळवावी आणि हलवून मगच घ्यावे.

प्लॅटिनमचा हिशेब पुढीलप्रमाणे आहे. ५० मिलिग्रॅम उत्प्रेरकावर ३ टक्के म्हणजे १.५ मिलिग्रॅम प्लॅटिनम. सहा पाण्याच्या रेणूंसह येणाऱ्या क्लोरोप्लॅटिनिक आम्लात प्लॅटिनम ३७.७ टक्के असते, म्हणजे ते ४ मिलिग्रॅम लागते. इतके सूक्ष्म वजन तोलण्याऐवजी मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असे द्रावण करून त्यातील ०.४ मिलिलिटर घ्यावे. आम्लाचे वजन हेच प्लॅटिनमचे वजन समजणे ही येथली ठरलेली चूक आहे.

इशारा: क्लोरोप्लॅटिनिक आम्लामुळे त्वचेची आणि श्वसनाची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. हातमोजे घालावेत आणि त्याचे स्फटिक उघड्यावर तोलू नयेत.

उत्प्रेरक द्रवात घालून सोनिकेटरमध्ये १५ ते २० मिनिटे ठेवावा, मग प्लॅटिनमचे द्रावण घालावे. प्रकाश पडू लागल्यावर प्लॅटिनमचे क्षपण होऊन ते पृष्ठभागावर बसते आणि फिकट पिवळे मिश्रण करडे होते. या काळात इलेक्ट्रॉन प्लॅटिनमवर खर्च होतात, म्हणून पहिल्या तासात हायड्रोजन कमी निघतो. पहिल्या तासाचा वेग सरासरीत धरू नये. तो वेगळा दाखवावा.

ढवळण्याचा चुंबकीय बीड विसरू नये. त्याच्या टेफ्लॉनवर जुन्या प्रयोगांतील धातूचे कण रुतून बसतात. ‘प्लॅटिनमविना’ केलेल्या प्रयोगात वापरलेला बीड महिनाभर प्लॅटिनमच्या प्रयोगात फिरलेला असेल, तर त्या प्रयोगाला अर्थ उरत नाही. धातुविरहित प्रयोगांसाठी नवा बीड आणि वेगळे पात्र राखून ठेवावे, त्यांवर रंगाने खूण करावी.

## टप्पा ८: हवा काढणे आणि प्रकाश

अर्धा तास आर्गॉन सोडावा, ढवळणे चालू ठेवावे आणि सुरुवातीचा नमुना घेऊन ऑक्सिजन नाहीसा झाल्याची खात्री करावी. उरलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पळवतो.

दिवा ३०० वॅटचा झेनॉन असेल तर त्याच्यासमोर ४२० नॅनोमीटरची, म्हणजे त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश अडवणारी, गाळणी लावावी आणि उष्णता रोखण्यासाठी पाण्याचा थर ठेवावा. पात्राभोवती पाणी खेळवून तापमान २५ °से.वर धरावे. दिव्यासमोर मिश्रण ४०-५० अंशांना पोहोचले की वेग प्रकाशाचा की उष्णतेचा, हे सांगता येत नाही. प्रकाशाची तीव्रता दिव्याच्या माहितीपत्रकावरून घेऊ नये, पात्राच्या जागी मोजावी. दिवे जुने झाले की मंदावतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा मोजावी. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

## टप्पा ९: नमुना आणि हिशेब

दर तासाला ०.५ मिलिलिटर वायू घ्यावा. नमुना घेण्याआधी मिश्रण जोरात ढवळावे, म्हणजे द्रवात विरघळलेला हायड्रोजन वर येतो. प्रत्येक नमुन्याबरोबर वरच्या ५० मिलिलिटरमधील एक टक्का वायू निघून जातो. पाच-सहा नमुन्यांनंतर ही घट दुर्लक्षिता येत नाही, ती हिशेबात परत मिळवावी.

समजा पहिला तास सोडून पुढच्या तीन तासांत वरच्या वायूत २ टक्के हायड्रोजनची भर पडली. ५० मिलिलिटरचे २ टक्के म्हणजे १ मिलिलिटर. २५ °से.ला आणि एका वातावरणाच्या दाबाला एक मोल वायू २४.४७ लिटर जागा घेतो, म्हणून हायड्रोजन सुमारे ४१ मायक्रोमोल झाला, आणि वेग तासाला १३.६ मायक्रोमोल. हाच आकडा ५० मिलिग्रॅमने भागला की ग्रॅमला तासाला २७२ मायक्रोमोल मिळतात.

दुसरा आकडा भारदस्त दिसतो आणि म्हणूनच फसवतो. उत्प्रेरक ५ मिलिग्रॅम घेतला तर प्रत्येक कणाला जास्त प्रकाश मिळून ‘प्रति ग्रॅम’ वेग फुगतो, प्रत्यक्ष हायड्रोजन मात्र घटलेला असतो. दोन्ही आकडे लिहावेत, आणि उत्प्रेरकाचे प्रमाण १० ते १०० मिलिग्रॅमपर्यंत बदलून प्रत्यक्ष वेग कोठे स्थिरावतो ते दाखवावे.

वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या निकालांची तुलना करायची असेल तर क्वांटम उत्पन्न, म्हणजे पडलेल्या फोटॉनपैकी किती टक्के हायड्रोजनच्या कामी आले ते, काढावे. एकाच तरंगलांबीचा प्रकाश घ्यावा, उदाहरणार्थ ४२० नॅनोमीटरचा एलईडी. प्रकाशित क्षेत्रावर एकूण ५० मिलिवॅट पडत असतील तर तासाला सुमारे ६३२ मायक्रोमोल फोटॉन येतात. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून तासाला १० मायक्रोमोल हायड्रोजन मिळाला तर उत्पन्न २० भागिले ६३२, म्हणजे ३.२ टक्के. या गणितात दोनाने गुणणे विसरणारे आणि गाळणी लावलेल्या झेनॉन दिव्याच्या सर्व प्रकाशाला ‘४२० नॅनोमीटर’ मानणारे, असे दोन्ही प्रकार दिसतात.

## टप्पा १०: नियंत्रण प्रयोग

हा टप्पा वेळ उरला तर करायचा, असे समजले जाते. प्रत्यक्षात येथूनच निकालाला वजन येते. प्रत्येक प्रयोग मुख्य प्रयोगाइतकाच वेळ चालवावा:

- सर्व काही घालून, अंधारात.
- प्रकाशात, उत्प्रेरकाविना, परंतु ट्रायइथॅनॉलअमीन आणि प्लॅटिनम घालून.
- प्रकाशात, प्लॅटिनमविना, नव्या पात्रात आणि नव्या बीडसह.
- प्रकाशात, ट्रायइथॅनॉलअमीनविना, शुद्ध पाण्यात.

शेवटचा प्रयोग सर्वांत बोलका असतो. शुद्ध पाण्यात हायड्रोजन मिळाला आणि ‘संपूर्ण विघटन’ म्हणायचे असेल, तर ऑक्सिजनही मिळाला पाहिजे आणि तो हायड्रोजनच्या निम्मा असला पाहिजे. ऑक्सिजन दिसत नसेल तर होल कोठे गेले, याचे उत्तर द्यावे लागते. कार्बन नायट्राइडच्या बाबतीत ते पुष्कळदा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रूपात द्रवात साचलेले असतात. टायटॅनियम क्षाराचे आम्लयुक्त द्रावण घातल्यावर पिवळा रंग आला तर पेरॉक्साइड आहे.

संपूर्ण संच तीन वेगवेगळ्या भट्टीच्या खेपांवर करावा. एकाच खेपेतले तीन नमुने हे तीन प्रयोग नव्हेत.

## टप्पा ११: टिकाऊपणा

पाच तासांच्या फेरीनंतर वायू काढून टाकावा, आर्गॉन पुन्हा सोडावा आणि तसेच पुढे जावे. अशा चार फेऱ्या पुरेशा आहेत. फेऱ्यांच्या मध्ये ट्रायइथॅनॉलअमीन नव्याने घातले की नाही, ते लिहावे. उत्प्रेरक गाळून, धुऊन पुन्हा वापरला असेल तर तो तोलावा. प्रत्येक धुण्यात थोडा वाया जातो आणि तीच घट नंतर ‘निष्क्रियता’ म्हणून आलेखात दिसते.

## टप्पा १२: खऱ्या उन्हात

प्रयोगशाळेत निकाल स्थिर झाल्यानंतरच गच्चीवर जावे. निरभ्र दिवशी, सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेत, पात्र उन्हाकडे तोंड करून ठेवावे आणि सौर तीव्रता दर दहा मिनिटांनी मोजून लिहावी. जून ते सप्टेंबर या काळात महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत असा दिवस मिळण्याची आशा धरू नये. फेब्रुवारी-मार्च बरा.

उन्हात पात्र तापते. २५ अंशांचा वायू ५० अंशांना पोहोचला की त्याचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, त्यात पाण्याच्या वाफेची भर पडते, आणि सेप्टम सैल असेल तर वायू निसटतो. म्हणून पात्र सावलीत आणून २५ °से.पर्यंत थंड झाल्यावरच नमुना घ्यावा, अन्यथा वरच्या हिशेबातला २४.४७ लिटरचा आकडा लागू पडत नाही. काचेचे पात्र दाबाखाली असताना चेहऱ्यासमोर धरू नये, आणि हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेट घेऊ शकतो हे लक्षात घेऊन पात्र रिकामे करताना जवळ ज्योत किंवा ठिणगी असू नये.

उन्हातल्या प्रयोगावरून सौर ते हायड्रोजन कार्यक्षमता काढायची असेल तर ती फक्त शुद्ध पाण्यातल्या, खर्ची पडणारा पदार्थ न घातलेल्या प्रयोगासाठीच काढावी: मिळालेल्या हायड्रोजनचे मोल गुणिले मोलला २३७ किलोज्यूल, भागिले प्रकाशित क्षेत्रावर पडलेली एकूण सौर ऊर्जा. ट्रायइथॅनॉलअमीनच्या प्रयोगासाठी नुसता वेग, तापमान आणि तीव्रतेची नोंद द्यावी, आणि त्या रकान्यात कार्यक्षमतेची जागा कोरी ठेवावी.